जहाज पाचला सुटतं

खान्देशाला समुद्र नाही. तापी आहे, गिरणा आहे, धुळ्याची पांझरा आहे. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की नुसतं पाणी बघायला माणसं गाड्या काढून जातात. पण पाण्यावरच मुक्काम करायचा, तिथंच जेवायचं-झोपायचं आणि त्याचे पैसे मोजायचे, ही हौस आमच्याकडे अलीकडची. आता जळगावात कुठल्याही टूरवाल्याच्या ऑफिसात अर्धा तास बसलं तरी क्रूझची चौकशी कानावर येते. केळीला भाव बरा लागला असेल तर रावेर-यावलकडची जोडपी, नाहीतर भिशीच्या बायका, नाहीतर नुकताच फंड हातात पडलेले मास्तर. मार्गही बहुधा एकच. विमानानं सिंगापूर, तिथून जहाज, मग पोर्ट क्लँग, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. प्रश्न ठरलेले: उलट्या होतात का, शाकाहारी मिळतं का, शेव-बिबडी सोबत नेता येतात का. सगळं विचारून झालं की उठता उठता कुणीतरी विचारतं, "आणि तिकडे खाली उतरल्यावर चोऱ्याबिऱ्या होतात का हो?"

"नाही हो, सगळं सेफ आहे," टूरवाला म्हणतो. त्याला बुकिंग हवं असतं.

मीही भिशीच्या गटाबरोबर हा फेरा करून आले आहे. टूरवाल्याचं उत्तर खोटं म्हणता येणार नाही. सिंगापूर सुरक्षितच आहे, पेनांगमध्ये मी एकटी हिंडले. तरीही जहाजावरून उतरलेला प्रवासी चोरांना फार आवडतो आणि त्याचं कारण त्या गावाच्या बऱ्यावाईटपणात शोधून सापडत नाही. ते जहाजाच्या वेळापत्रकात आहे.

चोराच्या जागी बसून बघा. सकाळी आठला एकाच फाटकातून दोन-तीन हजार माणसं बाहेर पडतात. कितीतरी जणांच्या गळ्यात जहाजाचं कार्ड लटकतंय, म्हणजे ओळखायची मेहनत नाही. खिशात त्या देशाच्या कोऱ्या नोटा आहेत आणि त्यातली कुठली केवढ्याची हे बघायला ती माणसं भर रस्त्यात पाकीट उघडतात. गल्ल्या माहीत नाहीत, भाषा येत नाही. आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी पाचला ही सगळी माणसं गायब होणार आहेत. पाकीट गेलं तरी यातला क्वचितच कुणी पोलीस ठाण्यात जाईल, कारण तिथं दोन-तीन तास मोडले तर जहाज जातं. गेलाच तरी ओळखपरेडला तो परत यायचा नाही, साक्षीला तर नाहीच. आपल्या गावात चोराला निदान एवढी धास्ती असते की ज्याचा खिसा कापला त्याचा भाचा उद्या चौकात भेटेल. इथं उद्या चौकात कुणीच भेटणार नाही.

हा हिशेब मला पटकन कळला, कारण मी तो दुसऱ्या बाजूनं लहानपणापासून बघितला आहे. अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे जळगाव स्टेशनवर उतरतात. पुष्कळांचं ठरलेलं असतं, सकाळी उतरायचं, लेणी बघायची आणि रात्रीची गाडी पकडायची. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला, टॅक्सीवाल्याला हे त्यांच्या पाठीवरच्या पिशवीवरून कळतं. फर्दापूरच्या फाट्यावर रंगीत दगड, स्फटिक, माळा विकणारी पोरं असतात. "हॅलो मॅडम, जस्ट लुक" करत ती मागे लागतात. पाहुणा घड्याळ बघतोय म्हटलं की भाव कसा वर-खाली करायचा हे त्यांना उत्तम जमतं. याला मी गुन्हा म्हणणार नाही, तो धंदा आहे आणि त्या पोरांचं पोट त्यावर आहे. पण घाईतल्या माणसाकडे कसं बघितलं जातं ते मला ठाऊक आहे. पेनांगच्या धक्क्यावरून बाहेर आल्यावर तीच नजर माझ्यावर फिरली. मला जरा हसू आलं आणि मी पर्स पुढे घेतली.

खरं तर या बाबतीत खान्देशी माणसाला शिकवायला जाऊ नये. सारंगखेड्याची यात्रा ज्यानं केली आहे, दत्तजयंतीच्या गर्दीत घोडेबाजारातून रेवडीच्या दुकानापर्यंत जो पाकिटासकट पोचला आहे, त्याला बार्सिलोनाचा खिसेकापू नवं काय दाखवणार? आमची मोठी माय यात्रेला निघाली की वरखर्चाचे पैसे कनवटीला, परतीच्या भाड्याचे पोलक्याच्या चोरखिशात आणि अडीअडचणीची एक नोट माझ्या फ्रॉकच्या आत पिनेनं लावलेली. "पैसा एक जागे ठेवाना नहीत," एवढंच ती म्हणायची. आज प्रवासाच्या सल्ल्यांत हेच लिहिलेलं असतं, फक्त कनवटीच्या जागी मनी बेल्ट आला आहे. भुसावळ स्टेशनवर रात्री गाडीची वाट बघत बसलेली बाई बॅगेच्या पट्ट्यात पाय अडकवूनच डुलकी काढते. अनोळखी माणसानं दिलेलं बिस्कीट आपण पोरांना खाऊ देत नाही.

युक्त्याही त्याच आहेत. धुळ्या-जळगावकडे म्हाताऱ्या माणसांना गाठणारे तोतया पोलीस तुम्ही पेपरात वाचले असतील. "आजी, पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा." रुमाल परत मिळतो, आत खडे. युरोपात हाच तोतया साध्या कपड्यांत येतो, ओळखपत्र झटकन दाखवून पासपोर्ट आणि पाकीट तपासायला मागतो. बँकेतून निघालेल्या माणसाच्या शर्टावर घाण टाकायची आणि "काका, पुसून देतो" म्हणत पिशवी लांबवायची, ही आपल्याकडची रीत. बार्सिलोनात त्याच कामासाठी पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी खांद्यावर उडवतात आणि पुसायला धावून येणारा फार प्रेमळ असतो. रोमला जाणारी जहाजं चिवितावेक्कियाला लागतात. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, आगगाडीनं तासाभराचं. गाडी गच्च भरते, आणि तेर्मिनी स्टेशनवर उतरताना दारातली ढकलाढकली आपल्या लोकलसारखीच. पाकीट जातं ते तिथं.

मग एवढी तयार माणसं जहाजावरून उतरल्यावर इतकी भोळी का होतात?

माझ्या मते ते जहाजच करतं. दोन दिवस तुमचं सामान दुसरं कुणी उचलतं. पैसे हाताळावे लागत नाहीत, कार्ड टेकवलं की झालं. जेवण वाढणारा मुलगा दुसऱ्या दिवशी तुम्हाला नावानं हाक मारतो. डेकवरच्या खुर्चीवर फोन ठेवून तुम्ही आइस्क्रीम आणायला जाता आणि फोन तिथंच असतो. भुसावळ स्टेशनवरची ती पट्ट्यात पाय अडकवणारी बाई इथं पर्स खुर्चीला लटकवून गरब्याला जाते. (हो, गरबा. जहाजावर निम्मे गुजराती होते.) आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच सपाता घालून, त्याच मनानं ती जिना उतरून परक्या शहरात शिरते.

पेनांगमध्ये खिशापेक्षा पर्सची काळजी जास्त. मोटारसायकलवरून दोघे येतात, मागचा खांद्यावरची पर्स ओढतो. मलेशियात हा प्रकार जुना आहे. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, तेव्हा समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं चालायचं आणि पर्स भिंतीच्या बाजूला ठेवायची. पट्टा गळ्यातून आडवा घालावा की नुसता खांद्यावर, यावर आमच्या गटात वाद झाला. आडवा पट्टा सुटत नाही हे खरं, पण ओढणाऱ्यानं सोडली नाही तर बाई फरफटत जाते. माझं मत, ओढली तर सोडून द्यावी. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा पर्समध्ये सोडून देण्यासारखंच काही असेल. दिवसभर लागतील तेवढे पैसे, पाण्याची बाटली, टोपी. दुसरं कार्ड आणि जास्तीच्या नोटा खोलीतल्या छोट्या तिजोरीत.

पासपोर्टचं मात्र जहाजागणिक, बंदरागणिक वेगळं असतं. काही जहाजं तो चढतानाच जमा करून घेतात आणि तुम्ही कार्ड व झेरॉक्सवर उतरता, काही ठिकाणी सोबत ठेवावा लागतो. आदल्या रात्री विचारून घ्यावं. परदेशात पासपोर्ट गेला तर पोलिसांत तक्रार नोंदवायची, ती घेऊन भारतीय वकिलातीत जायचं. तिथं तातडीचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते फक्त भारतात परत येण्यापुरतं. म्हणजे पाकीट गेलं तर सहलीचा एक दिवस नासतो, पासपोर्ट गेला तर सहलच संपते. विमा काढलेला असला तरी भरपाई मागताना पोलिसांचा कागद हवाच, आणि तो मिळेपर्यंत जहाज थांबत नाही. फिरून तेच घड्याळ.

फोनचंही सांगायला हवं. हल्ली चोरीला जाण्यासारखी सगळ्यात मोठी वस्तू तीच. फोन गेला की नंबर गेले, तिकीट गेलं आणि कार्ड बंद करायचा ओटीपीही त्याच्याबरोबर गेला. आमच्यातल्या एकीनं घरचे, बँकेचे आणि बंदरातल्या एजंटचे नंबर वहीच्या कागदावर लिहून ब्लाउजमध्ये ठेवले होते. सगळ्या हसल्या. मी उतरवून घेतले. एजंट म्हणजे जहाज कंपनीचा त्या बंदरातला माणूस. आदल्या संध्याकाळी खोलीत जो दिवसाचा कार्यक्रम येतो, त्यावर त्याचा नंबर छापलेला असतो आणि तो कागद सगळे केराच्या टोपलीत टाकतात. मागे राहिलात तर जगात तुमच्या उपयोगाचा तोच माणूस उरतो.

वेळेचा खरा गोंधळ फुकेतला. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एक, थायलंड त्यांच्या एक तास मागे. जहाजावर सिंगापूरची वेळ तशीच चालू ठेवलेली असेल आणि तुमच्या फोननं थायलंडचं नेटवर्क पकडून आपोआप काटा मागे घेतला असेल, तर फोनात साडेतीन वाजले असताना जहाजावर साडेचार झालेले असतात. त्यात आमचं जहाज धक्क्याला लागलंच नाही. पटाँगच्या उपसागरात नांगर टाकून छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेत होते, म्हणजे गाठायची असते ती शेवटची बोट, आणि ती जहाजाच्या बरीच आधी. आमच्यातले एक नाना हट्टानं मनगटावर जळगावची वेळ ठेवून होते, "घरी फोन कधी लावायचा ते कळतं." अशा तीन वेळा घेऊन आम्ही किनाऱ्यावर फिरत होतो. शेवटी एका वहिनींनी साधं जुनं घड्याळ जहाजाच्या दारातल्या घड्याळाशी जुळवून घेतलं आणि दिवसभर सगळ्यांनी तेवढंच मानलं.

तिथंच पारोळ्याकडची दोन पोरं भेटली. दुसऱ्या गटातली, लग्न न झालेली, खुशीत. समुद्रात पळवायची स्कूटर, जेटस्की, त्यांनी भाड्यानं घेतली होती. परत आणल्यावर मालकानं खालच्या बाजूचा ओरखडा दाखवला आणि भरपाई म्हणून भलताच आकडा सांगितला. दोन-तीन माणसं गोळा झाली, एक जण समजूतदार मध्यस्थ झाला. "थोडं कमी करायला लावतो, पण लवकर द्या, तुमची बोट जाईल." शेवटच्या बोटीची वेळ त्याला आमच्याइतकीच पाठ होती. पटाँगचा हा खेळ बऱ्याच वर्षांपासून प्रसिद्ध आहे, ओरखडा जुनाच असतो. पण त्यातल्या एका पोरानं चढण्याआधी स्कूटरभोवती फिरून व्हिडिओ काढला होता, इन्स्टाग्रामसाठी. तो फोन पुढे करत म्हणाला, "मी व्हिडिओ काढेल शे, देख." अहिराणीतच म्हणाला. समोरच्याला ती कळायचं कारण नव्हतं, पण ओरखडा दिसत होता. मग आमच्यातल्या एकीनं पर्यटक पोलिसांचा ११५५ नंबर मोठ्यानं वाचत फोन कानाला लावला. मध्यस्थाचा समजूतदारपणा एकदम वाढला. थोडे पैसे देऊनच सुटले, पण बोट मिळाली. मला विचाराल तर ते थोडेही द्यायला नको होते. पण माझी बोट चुकत नव्हती, त्यांची चुकत होती, आणि असं म्हणणं मला सोपं आहे.

त्याच रस्त्यावर गांजाची हिरवी पानं रंगवलेली दुकानं होती. थायलंडनं २०२२मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पुढे २०२५मध्ये नियम पुन्हा आवळले. इथं काय चालतं ते त्यांचं ते बघतील; जहाज परत सिंगापूरला जातं आणि तिथला कायदा या बाबतीत किती कडक आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे गमतीनं घेतलेली गोळी-बिस्किटं नकोत आणि कुणी "एवढं पुडकं माझ्या भावाला द्या" म्हटलं तर तेही नको.

जहाज कंपनीकडूनच सहल घेतली की निर्धास्त, असं पुष्कळांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर सहलीला गेलेल्या ५५ क्रूझ प्रवाशांना बंदुकीच्या धाकानं लुटलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेक्सिकोत पुएर्तो वायार्ताजवळ सहलीची बस अडवून २२ जणांना लुटलं. दोन्हीकडे माणसं एकटीदुकटी भटकत नव्हती, गटानं सहलीला गेली होती, आणि मेक्सिकोतली सहल तर कंपनीकडूनच घेतलेली. अशा वेळी हातातलं देऊन टाकायचं, एवढाच शहाणपणा उरतो. कंपनीच्या सहलीचा खरा फायदा वेगळा आहे. तिची बस उशिरा आली तर जहाज बहुधा थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी कुणी थांबत नाही. क्वालालंपूरला हे फार जाणवतं. पोर्ट क्लँगहून शहर तासाभराच्या रस्त्यावर आहे आणि दुपारची वाहतूक तुंबली की त्या तासाचे दोन होतात. तिथं मी कंपनीची महाग बस घेतली. पेनांगला धक्क्याबाहेर पाऊल टाकलं की जॉर्ज टाउन सुरू होतं, तिथं पायीच फिरले. लांब जायचं झालं तर ग्रॅब ॲप आहे, भाडं बसण्याआधीच ठरतं आणि गाडीचा नंबर घरच्यांना पाठवता येतो.

आमच्या गटाचा आणखी एक अनुभव. घोळक्यानं फिरणाऱ्या बायकांच्या वाटेला चोर जात नाही, आम्ही फार मोठ्यानं बोलतो. पण घोळका वेळ खातो. निघताना एक जण हमखास चॉकलेटच्या दुकानात असते, तिला शोधायला गेलेली दुसरी चपलांच्या. मोजून निघायचं, मोजून परतायचं, हे शाळेच्या सहलीचं शिस्तीचं काम एका रिटायर्ड बाईंनी अंगावर घेतलं म्हणून निभावलं.

दुसऱ्या टोकाचे एक काका होते. कुठल्याच बंदरावर उतरले नाहीत. "वर सगळं आहे, खाली चोर आहेत," असं म्हणत चहा पीत बसले. त्यांची बायको मात्र आमच्याबरोबर उतरली आणि पेनांगमध्ये एका सायकलरिक्षात छत्री विसरली. म्हातारा रिक्षावाला ती द्यायला दोन गल्ल्या मागे धावत आला, धापा टाकत. तिनं वर जाऊन काकांना सांगितलं. काका म्हणाले, "छत्री कोण ठेवून घेतं?"

आता सोन्याचं. हा विषय जळगावच्या बाईसमोर काढणं सोपं नाही. या गावच्या माणसाला जगात कुणी खोटं सोनं विकू शकत नाही, असा आमचा अभिमान (रंगीत खडे मात्र विकू शकतात, आमच्यातल्या दोघींनी फुकेतला घेतले, त्यावर अधिक न बोललेलं बरं). आमच्यात सगळ्यात मोठ्या जिजी, वय सत्तरीपुढचं. मंगळसूत्र उतरवायला साफ नकार. सून म्हणाली, काळ्या मण्यांची साधी पोत घाला. जिजी म्हणाल्या, "सोनं घालाले नही भेटत तं जाना कसाले?" रात्रभर तह चालला. शेवटी ठरलं ते असं: जहाजावर सगळं घालायचं, औपचारिक जेवणाच्या रात्री पोहेहार, पाटल्या, सगळं घालून फोटो काढायचा, आणि जमिनीवर पाय ठेवताना साधी पोत. दागिने खोलीतल्या तिजोरीत गेले. आकडा जिजींनी स्वतः लावला, सुनेला तोंड फिरवायला लावून.

शेवटच्या सकाळी सिंगापूरला उतरायच्या वेळी तो आकडा जिजींना आठवेना. मुलगा वैतागला, सून गप्प. उघडायला जहाजाचा माणूस आला, गणवेश, गळ्यात ओळखपत्र, हातात यंत्र. जिजींनी त्याला दारातच अडवलं, ओळखपत्र हातात घेऊन फोटो आणि चेहरा दोनदा ताडून बघितला, मग खालच्या काउंटरवर फोन लावायला लावून याच नावाचा माणूस पाठवला का ते मुलाकडून विचारून घेतलं. तो बिचारा हसत उभा होता. तिजोरी उघडल्यावर त्याला परत बाहेर काढून दार लावलं आणि पलंगावर रुमाल पसरून एकेक डाग मोजायला घेतला. खाली आमची बस हॉर्न देत होती.